झोपेचा हिशेब

युरोपात रात्रीच्या गाडीचं कौतुक सगळ्यांना, खर्च मात्र कुणालाच नको. जर्मन रेल्वेने 2016च्या डिसेंबरात परवडत नाही म्हणून शयनगाड्या मोडीत काढल्या. त्यातले काही मार्ग ऑस्ट्रियन रेल्वेने उचलले आणि ‘नाइटजेट’ नावाने चालवून दाखवले. हिशेबनीस म्हणतील, बर्थ रात्रीतून एकदाच विकता येतो, वर चादर-उशी आणि सकाळचा पाव-जाम. खरंय. पण हीच गाडी किलोमीटरमागे रुळांचं भाडं मोजते आणि डोक्यावरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या इंधनावर सहसा करच नाही. एकाच्या पायात बेडी घालायची आणि शर्यतीचा निकाल बाजाराने दिला म्हणायचं! पॅरिस-बर्लिन नाइटजेट 2023मध्ये वाजतगाजत सुरू झाली. फ्रेंच अनुदान आटताच 2025च्या डिसेंबरात बंद पडली. हवामान परिषदेला मंत्रिमहोदय कशाने जातात, हे विचारणं अर्थातच असभ्यपणाचं.