लोखंडी वारसा, लाकडी पार्टिशन

जुनी इमारत जगवायची तर तिच्यात माणसं नांदवावीत, असं वारसातज्ज्ञ सांगतात. मुंबईनं हा सल्ला कोणी देण्याआधीच मनावर घेतला. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल बघा. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून, जहाजानं आणून १८६०च्या दशकात उभारलेला. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईनं इथेच पाहिली, ७ जुलै १८९६ रोजी.

पुढे हॉटेल बंद पडलं, ‘एस्प्लनेड मॅन्शन’ झालं आणि खरी कल्पकता बहरली. दालनांत पार्टिशनं, पार्टिशनांत पोटपार्टिशनं. कुठे बिऱ्हाड, कुठे दुकान आणि सत्र न्यायालय हाकेच्या अंतरावर, म्हणून उरल्यासुरल्या फटीत वकील. भाडं कायद्यानं गोठलेलं. त्यात रंगाचा डबाही येत नाही, असं मालकाचं म्हणणं. दुरुस्ती मालकानंच करायची, असं भाडेकरूंचं. सरकारनं वारसा यादीत ‘श्रेणी दोन-अ’ बहाल करून आपलं कर्तव्य पार पाडलं. यादीत नाव घालायला सिमेंट लागत नाही.

२००५मध्ये सज्जांचा भाग कोसळला. त्याच सुमारास जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीतही नाव लागलं. २०१९मध्ये इमारत रिकामी झाली आणि पाडावी की राखावी, हा वाद न्यायालयात गेला.

इतके वकील वर्षानुवर्षं पोटात सांभाळले, तरी इमारतीची बाजू वेळेवर मांडायला त्यातला कोणी मिळू नये? बहुधा तिनं फी भाड्याच्या दरानं देऊ केली असावी.