आय-सेव्हन, पण कुठल्या सालचा?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावर कापूस विकून चार पैसे हाती आले की घरातलं पोर हळूच विषय काढतं. बाबा, गेमिंग पीसी. बाप विचारतो, केवढ्याचा? पोर म्हणतं, साठ हजार. मॉनिटर वेगळा.

लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे. म्हणजे हा पीसी जवळपास साडेसात क्विंटलचा झाला. तोही हमीभाव पदरात पडला तर.

इतक्या कष्टाच्या पैशावर कुणी उथळ सल्ला देऊ नये.

सध्या तोच सगळ्यात जास्त मिळतो.

पहिला नमुना पाहा. ‘गेमिंग पीसी, आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, रंगीत दिवे, फक्त पंधरा हजार.’ जाहिरातीत सगळं असतं, प्रोसेसरची पिढी तेवढी नसते. घरी आणून कॅबिनेट उघडलं की आत निघतो आय-7 2600. हा प्रोसेसर जानेवारी 2011 मध्ये बाजारात आला. आज दहावीत बसलेलं पोर तेव्हा रांगत होतं.

पिढी ओळखायला इंजिनिअर लागत नाही. इंटेलच्या या जुन्या नावांतले शेवटचे तीन आकडे झाका, उरेल ती पिढी. 2600 म्हणजे दुसरी. 3770 म्हणजे तिसरी. 12400 म्हणजे बारावी. एवढं चौथीतल्या लेकरालाही जमतं. मग विकणाऱ्याला ते जाहिरातीत लिहायला काय जड जातं?

जड काहीच जात नाही. लिहिलं तर माल खपत नाही.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची किमान आठवी पिढी हवी. व्हॅलोरंट हा खेळ तर विंडोज 11 वर टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे पंधरा हजार मोजून आणलेल्या आय-सेव्हनवर कसंबसं विंडोज 11 टाकलं, तरी असा खेळ पहिल्याच दिवशी दार लावून घेतो. आणि 2022 चा चार कोअरचा साधा आय-3 12100 बहुतेक खेळांत 2017 च्या आय-7 7700के लाही मागे टाकतो. तीन मोठं की सात? उत्तर सालावर ठरतं.

एएमडीकडे गेलात तर आकडे तिथेही नीट वाचावे लागतात. रायझन 5 5600 आणि रायझन 5 5500. फरक शंभराचा दिसतो. प्रत्यक्षात 5600 मध्ये एल-3 कॅश 32 एमबी, 5500 मध्ये 16. त्याहून स्वस्त म्हणून जो 4500 पुढे सरकवला जातो, त्यात फक्त 8. खेळाला हवी ती माहिती प्रोसेसरच्या उशाशी असली तर तो थांबत नाही, नाहीतर दर वेळी रॅमपर्यंत खेप. सहा कोअर तिघांतही आहेत, म्हणून दुकानदार ‘सेम आहे भाऊ’ म्हणतो.

सेम नाही.

आता यूट्यूबवरच्या तक्त्यांचं. नवा प्रोसेसर तपासताना जाणकार परीक्षक त्याला आरटीएक्स 4090 किंवा 5090 जोडतात आणि खेळ 1080पी वर चालवतात. कारण रास्त आहे. ग्राफिक कार्ड कुठेच अडू नये, म्हणजे प्रोसेसरचा खरा दम कळतो. पद्धत चोख आहे, चूक वाचणाऱ्याची होते. तुमच्या कॅबिनेटमध्ये 4090 बसणार आहे का? तिथे बसणार आरएक्स 6600. ते कार्ड भारी सेटिंगवर स्वतःच आधी दमतं. त्यामागे 9800एक्स3डी लावा की 12400, पडद्यावर फरक शोधावा लागतो.

9800एक्स3डी उत्तम आहे, यात शंका नाही. 96 एमबी एल-3 कॅश आहे त्यात. पण किंमत चाळीस हजारांच्या वर, म्हणजे पाच क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात एकरी तेवढा उतारा पडला तर घर समाधानाने निजतं. 60 हर्ट्झच्या मॉनिटरसाठी एकरभर रान कुणी देतं का?

मग येतो ‘बॉटलनेक’. पोरांच्या तोंडी सध्या हाच शब्द आहे. दोन नावं टाकली की टक्केवारी सांगणारे कॅल्क्युलेटर आहेत. ‘तुमचा बॉटलनेक 14 टक्के.’ कुठल्या खेळात? कुठल्या रिझोल्यूशनवर? किती सेटिंगवर? अडणारा भाग खेळागणिक बदलतो. एकाच खेळात भरगर्दीच्या चौकात प्रोसेसर अडतो आणि मोकळ्या रानात कार्ड. असल्या गोष्टीला एकच आकडा देणारा माणूस तुमचं मशीन मोजत नाहीये, तुम्हाला घाबरवून पुढच्या दर्जाचा प्रोसेसर घ्यायला लावतोय.

आणि पोर खरंच खेळणार काय, हे कुणी विचारलं का? पहाडावरची पोरं मोबाइलवर फ्री फायर खेळत मोठी झाली. पीसी आला की पहिलं काय होईल? एम्युलेटर टाकून तेच मोठ्या पडद्यावर. त्याला कोअर लागतात, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं, कार्डाचं काम त्यामानाने कमी. जीटीए 5 खेळायचा असेल तर गणित वेगळं. बीजीएमआय तर एम्युलेटरला परवानगीच देत नाही. आधी खेळांची यादी, मग प्रोसेसर. मुंबई-पुण्यातही हाच क्रम असावा, पण तिथे उलटा क्रम झाला तरी दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवर जाऊन बदलून आणता येतं.

जिवतीतून बदलायला निघा. घाट उतरून गडचांदूर, मग राजुरा, मग चंद्रपूर. तिथे ‘कंपनीकडे पाठवावं लागेल’ ऐकायचं आणि नागपूरची वाट धरायची. एका चुकीच्या भागासाठी बसभाडं, बुडालेली मजुरी आणि आठवड्यांची वाट. म्हणून शहरातला ‘सगळ्यात स्वस्त’ भाग इथे सगळ्यात महाग पडू शकतो.

पहिलं उदाहरण नावामागच्या ‘एफ’चं. आय-5 12400एफ म्हणजे आत चित्र दाखवणारी सोय नाही. ते अक्षर असलं की हजार-दोन हजार वाचतात, म्हणून इंटरनेटवरचा प्रत्येक शहाणा सांगतो, एफच घ्या, कार्ड तर लावणारच आहात. बरोबर आहे. पण कार्ड बिघडलं की? शहरातलं पोर मित्राचं जुनं कार्ड चार दिवस आणतं. पहाडावर कार्ड वॉरंटीला गेलं की अख्खं मशीन ठोकळा होऊन बसतं. खेळ तर नाहीच, परीक्षेचा फॉर्मही भरता येत नाही.

बिगर-एफ 12400 घेतला की मदरबोर्डच्या मागच्या एचडीएमआयमध्ये केबल खोचायची आणि काम सुरू. भारी खेळ चालणार नाहीत, अभ्यास चालेल, हलके जुने खेळ चालतील. कार्डासाठी पैसे पुढच्या हंगामात जमणार असतील तर ही सोय आणखी मोलाची. त्या वेळी 5600जी हाही चांगला पर्याय आहे, त्याचं अंगचं ग्राफिक 12400 पेक्षा दणकट. मात्र कॅश 16 एमबीच, पुढे मोठं कार्ड लावल्यावर ती कमतरता जाणवते.

दुसरी गोष्ट बायोसची. रायझन 5 5600 हा स्वस्त आणि मस्त प्रोसेसर आहे, पैशाला पैसा वसूल. पण ज्या एएम4 सॉकेटवर तो बसतो ते सॉकेट अनेक पिढ्यांचं. दुकानात पडून राहिलेला जुना बी450 बोर्ड माथी मारला आणि त्यात जुनंच बायोस असलं, तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळाच. अपडेट करायला कुणाकडे जाणार? एच610 बोर्ड मात्र जानेवारी 2022 मध्ये 12400 सोबतच आला. पहिल्या खोक्यापासून तो या प्रोसेसरला ओळखतो.

म्हणून चंद्रपुरात कुणी विचारलं तर 5600 म्हणेन. जिवतीत विचारलं तर बिगर-एफ 12400.

एएमडीचे भक्त चिडतील. चिडू द्या. बोर्डावर नव्या बायोसचा शिक्का दाखवा आणि दुकानदाराकडून चालू करून घ्या, 5600 लाही माझी ना नाही.

तेरावी-चौदावी पिढी का नको? त्यातल्या बड्या प्रोसेसरना व्होल्टेजचा आजार जडला होता. 2024 च्या जुलैमध्ये इंटेलने तो मान्य केला, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडचा इलाज दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. इलाज बायोस अपडेटमधून येतो. म्हणजे सेकंडहँड 13700के स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारणाऱ्याने आधी विचारावं, याला ते औषध वेळेत मिळालं होतं का? विकणारा सांगेल? बारावी पिढी या भानगडीत नव्हतीच.

तिसरी गोष्ट वीज. चंद्रपूर जिल्ह्यात 2,920 मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र आहे. धूर जिल्ह्याच्या वाट्याला येतो, आणि पहाडावर लाइट कधी डुलकी घेईल याचा नेम नाही. ही चीड येण्यासारखी गोष्ट आहे आणि ती यावी. तोवर यूपीएस लागणारच. 600 व्हीएचा सर्रास मिळणारा यूपीएस 360 वॅटपर्यंत पेलतो. 12400 पूर्ण जोरात 117 वॅट, आरएक्स 6600 चं रेटिंग 132, बाकीचं धरून गाडी तीनशेच्या आसपास थांबते. सेव्ह करून बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात. आय-9 14900के एकटाच 253 वॅटपर्यंत जातो. त्याला तो यूपीएस लाइट गेल्या क्षणी राम म्हणतो.

आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा तो एसएमपीएस! वर 450 वॅट छापलेलं, हातात घेतलं तर रिकाम्या डब्यासारखा हलका. व्होल्टेज खालीवर झालं की जाताना हा बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जातो. प्रोसेसरवर दोन हजार कमी घाला, पण एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, 80 प्लसचा घ्या. दिव्यांची पट्टी नसली तर कुणाचं काय अडतं?

ऊन तर विचारूच नका. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जाणं आता बातमीही राहिलेली नाही. टिनाच्या घरात दुपारी खोलीच 42 वर असेल, तर पंखा प्रोसेसरवर 42 चीच हवा मारणार. त्यावर जो चढेल तो चढेल. 12400 शंभर अंशांना पोचला की स्वतःला आवरतो आणि खेळ अडखळतो. खोक्यातला पंखा त्याला पुरतो, पण कॅबिनेटला पुढून जाळी आणि मागे पंखा हवा. समोर काच लावलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं, मे महिन्यात आतून भाजतं. कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात राहत असाल तर जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा.

रॅमचं दुखणं नवं आहे. 2025 च्या शेवटी भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचा माल उचलला. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतला निर्णय, झळ पहाडावरच्या टेकामांडव्याला. अशा वेळी डीडीआर5 चा हट्ट कशाला? डीडीआर4 च्या आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या. एकच सोळाची नको, दोन लागल्या की दोन वाटांनी माहिती धावते. बोर्डही डीडीआर4 चाच आहे ना, हे खोक्यावर वाचा. एच610 दोन्ही प्रकारांत मिळतो आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

खरेदी कुठून? परमडोली, महाराजगुडा या सीमेवरच्या गावांवर दोन राज्यं हक्क सांगतात, तिथल्या पोराला बाजारही दोन. इकडे नागपूर, तिकडे बल्लारशाहहून रेल्वेने सिकंदराबादचं चेनॉय ट्रेड सेंटर. जीएसटी दोन्हीकडे 18 टक्के. ‘बिल नको म्हणा, अठरा टक्के वाचवा’ असंही दोन्हीकडे सांगतात. वाचतं ते दुकानदाराचं. बिल नसलं की वॉरंटी सिद्ध कशी करणार?

‘ट्रे’चा प्रोसेसर म्हणजे सुटा. खोकं नाही, पंखा नाही आणि इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी थेट तुम्हाला नाही. जबाबदार फक्त विकणारा. तो ओळखीचा आणि हाकेच्या अंतरावर असेल तर घ्या. सिकंदराबादहून आणायचा असेल तर सीलबंद खोकंच घ्या.

बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या, नुसतं ‘आय-5’ नको. कार्ड, बोर्ड, एसएमपीएस यांचे सीरियल नंबर त्याच बिलावर. मग काउंटरवरच मशीन जोडून चालू करायला लावा. कार्ड काढून एकदा, कार्ड लावून एकदा. दुकानदार म्हणेल, घरी जाऊन लावा, काही होत नाही. म्हणा, शेवटच्या बसला अजून वेळ आहे, इथेच लावा.