रा. रा. सांडपाणी यांस अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. सांडपाणी,
मु. भोगावती नदीपात्र, धाराशिव.
विषय : बारमाही वाहण्याबद्दल अभिनंदन व पुढील मुक्कामाबाबत.

धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा. इथल्या नद्या पावसाळ्यात वाहतात आणि उन्हाळ्यात आठवतात. गटार मात्र बाराही महिने वाहते. या सातत्याबद्दल रा. रा. सांडपाणी यांचे अभिनंदन करणे क्रमप्राप्त आहे.

त्यांचे कूळ मोठे आहे. पुणे-पिंपरीचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी जलाशयात येते. त्या जलाशयातले पाणी विजेवर उपसून, बालाघाटावर चढवून, शुद्ध करून धाराशिव शहराच्या नळांना सोडले जाते. शहरी पुरवठ्याचे मानक माणशी रोज १३५ लिटर (नळाला पाणी रोज येते, हे मानकात गृहीत आहे). त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, मोरीतून बाहेर पडते. पुढे भोगावती, मग सीना, आणि सीना पुन्हा भीमेलाच मिळते. भीमेचे पाणी भीमेला परत करण्याचा हा व्यवहार चोख आहे. मधली सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची पायरी तेवढी राहून जाते. देशाची तऱ्हाही वेगळी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते आणि प्रक्रिया प्रत्यक्षात २०,२३६ दशलक्ष लिटरवर होते.

रा. रा. सांडपाणी यांना सन्मानाने थांबवण्याच्या सोयी उपलब्ध आहेत, आणि त्या फार महागही नाहीत. खेड्यात शोषखड्डा पुरतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन उघडी गटारे संपवली. खड्ड्यात भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची आणि भोवती दगडगोटे भरायचे. गाळ टाकीत बसतो, पाणी जमिनीत मुरते. मात्र हा खड्डा मोरीच्या आणि धुण्याभांड्याच्या पाण्यासाठी आहे, संडासाच्या नाही. काळ्या चिकण जमिनीत तो मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो, नाहीतर महिन्याभरात त्याचे डबके होते. उद्घाटनाच्या फोटोत मुरूम दिसत नसल्याने हा तपशील अनेकदा गाळला जातो.

शहरासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धत आहे. गाळ बसवलेले पाणी खडीच्या वाफ्यातून संथ वाहू द्यायचे. त्यात कर्दळ आणि पाणकणीस लावलेले असते, आणि मुळांवरचे व खडीवरचे जिवाणू घाण खातात. चढउतार साधला तर वीज जवळजवळ लागत नाही. जागा मात्र लागते. त्या पाण्यावर बागा, झाडे, बांधकामे भागतात. नागपुरात तर भांडेवाडी केंद्रातले शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. म्हणजे तिथे त्यांना नोकरीही मिळाली आहे.

या सगळ्यात आडवी येते ती श्रीमती प्लास्टिक पिशवी. राज्याने २३ मार्च २०१८ रोजी तिच्यावर बंदी घातली. पहिला दंड ५,००० रुपये, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. २०१२मध्ये बंदी आलेल्या गुटख्याची रिकामी पुडी आणि ही पिशवी एकाच नालीत सुखाने नांदतात. पिशवी शोषखड्ड्याच्या तोंडावर बसली की खड्डा निकामी होतो, नालीत बसली की डास होतात. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लास्टिक वितळवून डांबरी रस्त्यात वापरण्याची रीत दाखवली, पण तिथे पोचण्यासाठी पिशवी कोरडी आणि वेगळी हाती यावी लागते. नालीतली ओली, चिखलाने भरलेली पिशवी कोणी घेत नाही. तुळजापूरला ओटीचे सामान कापडी पिशवीत देणे म्हणूनच कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त पडते.

सबब, शोषखड्ड्यांची व वाफ्यांची कामे पूर्ण होईपर्यंत रा. रा. सांडपाणी यांना भोगावतीत राहण्यास मुदतवाढ देण्यात येत आहे.

प्रत माहितीसाठी : श्रीमती प्लास्टिक पिशवी, द्वारा सदर नाली.