सूर्योपासक

तुमच्या सोसायटीतही तो असेलच. नुकताच बाप झालेला, टी-शर्टच्या खांद्यावर दुधाच्या गुळणीचा डाग, आणि विषय एकच: कापडी नॅपी.

आमच्याकडचा दुसऱ्या मजल्यावर राहतो. रविवारी सकाळी सातला बेल. "काका, तुमच्या बाल्कनीत ऊन किती वाजेपर्यंत असतं?"

मला वाटलं, फ्लॅटबिट विकत घेतोय. तर याने बाळाचे विकतचे डायपर बंद केले होते, 24 नॅप्या धुऊन पिळून तयार होत्या आणि याची बाल्कनी उत्तरेला! तासाभरात माझ्या दोरीवर हत्ती आणि अननस लटकू लागले.

तेव्हापासून हा सूर्योपासक लिफ्टमध्ये भेटला की नमस्कार-चमत्कार नाही. "काका, आहे ना आज?" नॅपीच्या आतलं नवं इन्सर्ट पाचसहा वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाही, सॉफ्टनर घातलं की शोषणंच कमी होतं, पिवळा डाग ओला असतानाच उन्हात टाकला की उडतो, हे सगळं मला आता आरतीसारखं पाठ आहे. एकदा आपुलकीने मी एक नॅपी उन्हात सरकवली, तर किंचाळला, "काका, ते कव्हर! इन्सर्टला ऊन, कव्हरला सावली!" मग मी सावलीचंही वेळापत्रक ठेवू लागलो.

त्याची आई गावाहून जुन्या लुगड्याचे तिकोनी लंगोट घेऊन आली. हा समजावतोय, "आई, याला तीन थर आहेत, बटणं आहेत." माउली म्हणाली, "तुला एक थर आणि एक गाठ होती. भिजवायचास मात्र असाच."

जुलैत सूर्यनारायणाने पाठ फिरवली. दोन्ही घरांतले पंखे नॅप्यांना वारा घालू लागले. मी वैतागून म्हटलं, "अरे, पावसाळ्यापुरते तरी डायपर आण!" तो नुसता हसला.

कारण कळलं ते कचरा न्यायला येणाऱ्या ताईंकडून. वापरलेला डायपर गुंडाळून द्यायचा, हे घनकचरा नियमांतच आहे. पुण्यात तर वर लाल ठिपकाही काढायला सांगतात. याने तसाच कोंबला होता. याच्यासमोर ताईंनी पिशवी उपसली, डायपर फाटला आणि आतली फुगलेली जेल त्यांच्या बोटांना चिकटली. त्यानंतरच्याच रविवारी माझी बेल वाजली होती. पठ्ठ्याने हे मला कधीच सांगितलं नाही. ऊन तेवढं मागितलं.

आता बाळ शू सांगतं. परवा लिफ्टमध्ये म्हणाला, "काय काका, बरे आहात ना?" बस्स, एवढंच. शेवटी मीच म्हटलं, "आज आहे हं."

तर मंडळी, आमच्याकडे ऊन साडेसात ते साडेअकरा. दोरी आहे, चिमटे आहेत. घरात तान्हं असेल त्यांनी खुशाल बेल वाजवावी. रविवारी मात्र आठनंतर.