राउंडवाले काका

पूनम सागरमध्ये त्यांना सगळे राउंडवाले काका म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, गृहस्थ रोज सकाळी कॉम्प्लेक्सला राउंड मारत असावेत. तसे तेही मारतात. पण नाव पडलं ते मुलामुळं. मुलगा इंजिनीअर, आणि एका अवाढव्य टेक कंपनीत त्याच्या मुलाखती चालू असतात. गेली काही वर्षं चालूच आहेत.

कंपनीचं नाव काका घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं ते नुसतं "तिकडं" म्हणतात. "तिकडून फोन आला होता." "तिकडं हायरिंग कमिटीत अडकलंय." आणि सगळी वाक्यं 'आम्ही'नं सुरू. "काल आमचा कोडिंगचा दुसरा राउंड झाला. ट्री आला होता. ट्री आम्हाला जड जात नाही, डीपी आला की आम्ही घसरतो." डीपी म्हणजे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. बी विंगच्या वहिनींना वाटलं, व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो. त्या म्हणाल्या, "चांगला आहे की हो त्याचा!"

काका स्वतः रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. त्यांच्या मुलाखतीत साहेबांनी नाव, गाव आणि "बदली चालेल ना?" एवढंच विचारलं होतं म्हणे. अशा माणसानं साठी उलटल्यावर बिग ओ नोटेशन शिकावं, याचं मला खरंच कौतुक वाटतं. शिकले म्हणजे कुठं काय फेकायचं ते शिकले. लिफ्ट उशिरा येते म्हणून कुणी कुरकुरलं की काका म्हणतात, "ओ ऑफ एन आहे. मजले वाढले की वेळ वाढणारच." चूक काढायची सोय नाही. बरोबर असतं.

त्यांचा आवडता माणूस डाइक्स्ट्रा. 1956 साली हा डच गडी अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी पीत बसला आणि रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कसा काढायचा, ते त्यानं कागद-पेन्सिल न घेता वीस मिनिटांत शोधलं. "त्याला वीस मिनिटं लागली, आम्हाला पंचेचाळीस देतात. म्हणजे सवलतच की!" काकांचं गणित बिनतोड. फक्त डाइक्स्ट्राच्या समोर घड्याळ लावून कुणी परीक्षक बसला नव्हता; होणारी बायको बसली होती. आणि ते छापून यायला 1959 उजाडलं. "कमिटी तेव्हाही असणार," काका म्हणाले.

एकदा कुणीतरी विचारलं, "काका, तिकडं म्हणे गटाराचं झाकण गोल का असतं असं विचारतात?" काका कनवाळूपणे हसले. "तो जमाना गेला. ते मायक्रोसॉफ्टवाले विचारायचे. गूगलच्या लॅझलो बॉकनं 2013 सालीच सांगून टाकलं, असल्या कोड्यांनी काही कळत नाही, विचारणाराच स्वतःवर खूश होतो. आणि आपल्याकडं झाकण चौकोनी असतं. असलं तर."

खरे काका बघायचे ते मुलाखतीच्या दिवशी. आदल्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो: 'उद्या 11 ते 11.45 कृपया शांतता राखावी.' पाण्याचा पंप दहालाच चालवून घेतला जातो. चौथ्या मजल्यावरच्या लाद्यांच्या मिस्त्रीला चहा पाजून ड्रिल बंद ठेवायला लावतात. भंगारवाल्याला वॉचमन गेटवरच थोपवतो. काकूंचा कुकर शेजारच्या बेनच्या ओट्यावर जातो, कारण शिट्टीचा भरवसा नाही. आणि काका स्वतः बंद दारापाशी बिनबाह्यांच्या बनियनवर उभे. आत मुलगा एका शेअर केलेल्या कोऱ्या पानावर कोड लिहीत असतो. तो कोड तिथं चालवून बघता येत नाही, चूक झाली तर लाल रेघ येत नाही. बाहेर काकांना फक्त कीबोर्ड ऐकू येतो. तो थांबला की काकांचा चेहरा उतरतो.

"मोठ्यानं विचार करायचा असतो," ते दबक्या आवाजात मला म्हणाले. "गप्प बसलं की मार्क गेले. आमचा नेमका तिथं मार खातो." खाणारच. ज्या घरात बावीस वर्षं "मोठ्यांच्या मध्ये बोलू नको" ऐकलं, तिथला मुलगा परक्या माणसापुढं एकदम बडबडायला लागेल कसा? पुढच्या राउंडला तर विचारलं, साहेबाशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा. मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं, झालाच नाही. काका हादरलेच. "अहो, रेल्वेत मी असा प्रसंग सांगितला असता तर चार्जशीट हातात आली असती. इथं नाही सांगितला म्हणून गुण कापतात!"

नकाराची मेल येते ती दोन ओळींची. आभार मानलेले असतात, कारण दिलेलं नसतं. काका 'रिजेक्ट' हा शब्द घरात येऊ देत नाहीत. "कूलिंग पिरियड लागलाय, वर्षानं पुन्हा बसता येतं." मग ब्रायन अ‍ॅक्टनची गोष्ट ग्रुपवर येते: 2009 मध्ये फेसबुकनं त्याला नोकरी नाकारली आणि 2014 मध्ये त्याचं व्हॉट्सअ‍ॅप विकत घ्यायला त्याच फेसबुकनं एकोणीस अब्ज डॉलर कबूल केले. ती गोष्ट आपण व्हॉट्सअ‍ॅपवरच वाचतो आहोत, हे काका खाली आवर्जून लिहितात. मुलगा ग्रुप म्यूट करतो.

आता कॉम्प्लेक्समधली निम्मी पोरं मुलाखतीच्या आधी काकांकडं येतात. मॅनेजरशी भांडणाचा प्रसंग काका स्वतः रचून देतात, आणि त्या पोरांतली दोन लागलीही. त्या कंपनीला थोडी जरी अक्कल असती, तर तिनं मुलाला सोडून काकांनाच घेतलं असतं.

मुलाला मध्यंतरी मालाडला दुसरीकडं नोकरी लागली. मी पेढे मागायला गेलो, तर काका नाराज. "अर्धा तास गप्पा मारल्या आणि एका राउंडमध्ये घेतलं हो! कंपनी काही खरी दिसत नाही." पगार मात्र दर महिन्याच्या एक तारखेला जमा होतो.