पत्र्या कुणी मोजल्या?

स्वातंत्र्यलढ्यात भूमिगतांनी चालवलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारने फितुरांच्या तळव्यांना बैलासारख्या पत्र्या ठोकल्या, ही गोष्ट आजही वाळव्या-तासगावात रंगवून सांगतात. (हा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात, सांगली वेगळी झाली ती १९४९ मध्ये.) प्रत्यक्षात खबऱ्याला आडवा पाडून तळपाय काठीने फोडत. माणूस पुढे काही दिवस भिंत धरून चालायचा. हेही काही कमी नव्हे. पण काठीला पत्रीची सर कुठून येणार?

गंमत अशी, की ही थाप दोन्ही बाजूंना मानवली. इंग्रजधार्जिण्यांना रानटीपणाचा पुरावा आयता मिळाला आणि भूमिगतांना फुकटात दरारा. खिळे लागले नाहीत, नालबंद लागला नाही, अन् खबऱ्या मात्र गप्प! खुलासा करायला कोण कशाला जातो?

मार खाल्ला तो बिचाऱ्या खऱ्या कामाने. गावोगावची न्यायदान मंडळं, दारूबंदी, बिनखर्चाची गांधीविवाह पद्धत यांवर पारावर कुणी तिखटमीठ लावत नाही. सावकाराचा तंटा मिटला, यात अंगावर काटा येण्यासारखं काय आहे?

शत्रूने केलेल्या बदनामीइतका स्वस्त प्रचारक दुसरा नाही. एवढ्या बदनामीनंतरही प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातूनच लोकसभेवर निवडून गेले.