लाल मातीला श्रद्धांजली, नंतर अल्पोपहार

आमच्या माण तालुक्यातल्या गावची तालीम परवा पाडली. निरोपाला मंडप होता आणि फ्लेक्सवर तालमीच्या दारापेक्षा मोठे वीस चेहरे. सगळ्यांचे कान शाबूत. म्हणजे कुस्तीच्या हौद्यात उतरलेला एकही नाही.

त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडायचं. दुष्काळात माणसं टँकरमागं, जनावरं छावणीत. पण वस्ताद ताकासाठी घरोघर फिरायचे. आम्हाला घरी ताक मिळायचं नाही, हौद्यात तोंडावर पडलो की चव कळायची.

भाषणात खाशाबा जाधव आलेच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या गड्यानं १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटवर कांस्यपदक मारलं. तेव्हापासून मॅट लागते हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडं ती अजून वाटेत आहे.

मग मोहीच्या ललिता बाबर. २०१६ला रिओत त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. त्या शर्यतीत पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. माणच्या लेकीला खड्डे ओळखीचे, पाणी तेवढं नवं.

जागेवर बहुउद्देशीय सभागृह होणार आहे. पहिला उद्देश लग्नं, बाकीचे ठरायचेत.

मी पिशवीभर माती घरी आणली. बायको म्हणाली, "तुळशीला घालू का?"

म्हटलं, "घाल. पण उद्या जोर काढायला लागली, तर मला सांगू नकोस."